खांडबाऱ्यातला 'डब्ल्यू' संघ

सुरतेहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर नवापूरला थांबायची. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं हे स्टेशन सोडलं की चिंचपाडा लागतं आणि मग खांडबारा. उतरल्यावर मामा हातातली पिशवी घ्यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय भाचेबुवा, पास का?" तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ला. मी सांगतोय ती त्याच्या दोन वर्षं आधीची मे महिन्याची सुट्टी.

त्या वर्षी सुरतेच्या कापड मार्केटात कामाला असलेल्या धाकट्या मामाने घरी एक खोकं आणलं होतं. आत दोन रिमोट, एक बंदूक, वायरींचा गुंता आणि एक पिवळी कॅसेट. कार्ट्रिज हा शब्द आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळला. भारतभर पोरं त्याला कॅसेटच म्हणायची. ती लागली नाही की काढून तिच्या पोटात फुंकर मारायची, पुन्हा दाबायची. पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं बटण फिरवत मुंग्यांमधून चित्र शोधायचं. चित्र सापडलं की दारात उभी असलेली दहा-बारा पोरं एकदम ओरडायची. त्यात मारवाडी-गुजराती दुकानदारांची पोरं होती, तशी मावची आणि कोकणी घरांतलीही होती.

कॅसेटवर आकडा होता लाखांतला, खेळ होते मोजके, आणि तेच फिरून फिरून यायचे. बदकं मारायचा, मारिओचा, बंदूकवाल्या दोघांचा. आणि एक बेसबॉल.

बेसबॉल आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलेला नव्हता. टीव्हीवर नाही, वर्तमानपत्रातल्या फोटोतही नाही. खोक्यात माहितीपत्रक नव्हतं आणि असतं तरी ते वाचता येईल असं इंग्रजी घरात कुणाला येत नव्हतं. खेळ सुरू झाला की आधी संघ निवडायचा. संघांना नावं नव्हती, एकेक इंग्रजी अक्षर होतं: सी, डी, जी, एस, टी, डब्ल्यू. मामेभावांनी त्यांची वाटणी करून टाकलेली होती. डी म्हणजे धुळे. एस म्हणजे सुरत. जी म्हणजे गुजरात. टी म्हणजे तळोदा. सी म्हणजे चिंचपाडा, कारण तिथल्या स्टेशनच्या पाटीवर ते अक्षर आम्ही येता-जाता वाचायचो. डब्ल्यूचं गाव काही कुणाला सापडेना. म्हणून तो संघ पाहुण्या पोराला, म्हणजे मला.

तो संघ घेऊन मी महिनाभर खेळलो. डब्ल्यू म्हणजे 'व्हेल्स', जपानमधल्या ताइयो या मासेमारी करणाऱ्या कंपनीचा संघ, हे मला कळायला आणखी वीस वर्षं जावी लागली. बाकीची अक्षरंही तिथल्या सेंट्रल लीगमधल्या संघांची होती: कार्प, ड्रॅगन्स, जायंट्स, स्वॉलोज, टायगर्स. खांडबाऱ्याच्या ओटीवर आम्ही जपानची अख्खी लीग खेळत होतो.

या लेखाचं कारण तोच महिना आहे. नियम सांगणारं कुणी नसताना, भाषा येत नसताना, मैदान पाहिलेलं नसताना एक अख्खा खेळ आम्हाला कळला. हे कसं झालं, याचा मी पुढे बराच विचार केला.

पहिले तीन दिवस आम्ही क्रिकेटच खेळत होतो. चेंडू आला की बॅट फिरव. थोरल्या मामेभावाचं ठाम मत होतं, "हे क्रिकेटच आहे, फक्त स्टंप चोरीला गेलेत." तीनदा हुकलं की गडी बाद होतो, हे लवकर लक्षात आलं. तिघं बाद झाले की डाव पालटतो, हेही. पण मधूनच एखादा फलंदाज काही न करता ऐटीत पहिल्या कोपऱ्यावर चालत जाई, ते काही उलगडेना. कॅसेट बिघडली असंच सगळ्यांनी धरलं.

ते कोडं मामीने सोडवलं. ती दारात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसलेली असायची आणि खेळाकडे तिचं लक्ष आहे असं कधी वाटायचं नाही. एका दुपारी ती म्हणाली, "अरे, तो बाहेरून जाणारा चेंडू सोडला ना, की वरती खूण होते. चौथ्याला तो चालायला लागतो बघ." आम्ही मुद्दाम चार चेंडू सोडून पाहिले. फलंदाज चालायला लागला. 'बॉल' आणि 'स्ट्राइक' यांतला फरक, म्हणजे बेसबॉलमधली फलंदाज आणि गोलंदाज यांच्यातली सगळी झुंज, खांडबाऱ्यात पहिल्यांदा कुणाला कळली असेल तर रिमोटला हातही न लावलेल्या माझ्या मामीला.

त्या दिवसापासून खेळ बदलला. सोडणं हीसुद्धा फलंदाजी आहे, हे कळलं. चेंडू टाकणाऱ्याच्या हातातही पुष्कळ काही होतं. खालचा बाण दाबून टाकला तर वेगात, वरचा दाबून टाकला तर संथ, डावा-उजवा दाबला तर वळणारा. चेंडू मारला गेला की क्षेत्ररक्षक आपोआप धावत. आपण फक्त ठरवायचं, चेंडू कुठे फेकायचा. उजवा बाण पहिला तळ, वरचा दुसरा, डावा तिसरा आणि खालचा घर. रिमोटवरचं ते अधिकचं चिन्ह आणि बेसबॉलचं पत्त्यांतल्या चौकटसारखं मैदान यांचा आकार एकच आहे. डोळ्यांना नकाशा कळायच्या आधी तो अंगठ्याला पाठ झाला होता. ते बटण निन्टेन्डोच्या गुन्पेइ योकोइने बनवलं, बेसबॉल डोळ्यांसमोर ठेवून नव्हे. पण हा खेळ त्या बटणावर जितका चपखल बसला, तितका दुसरा कुठला मैदानी खेळ बसला असेल असं मला वाटत नाही.

खेळ मूळचा ७ डिसेंबर १९८३चा. निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे घरगुती यंत्र त्याच वर्षी जुलैत जपानमध्ये आलं होतं आणि त्याच्या अगदी पहिल्या खेळांत हा बेसबॉल होता. ऑक्टोबर १९८५मध्ये ते यंत्र नवं नाव घेऊन न्यूयॉर्कच्या दुकानांत गेलं, तेव्हाही सोबत बेसबॉल होता. सगळा खेळ मिळून चोवीस किलोबाइट. आज मोबाइलवर कुणी पाठवलेला सुप्रभातचा फोटो याहून कितीतरी जड असतो. तो खेळ खांडबाऱ्यापर्यंत पोचला तो या हलकेपणामुळेच. फॅमिकॉमच्या नकला करणारे कारखाने एका कॅसेटमध्ये जमतील तेवढे खेळ कोंबायचे आणि कोंबायला सर्वांत सोयीचे असायचे ते १९८३-८४चे हे छोटे खेळ. आपल्याकडे 'मीडिया' कंपनीचे 'समुराई' आणि 'लिटल मास्टर' हे संच विकले जायचे आणि त्यांच्याहून स्वस्त बिननावाचे कितीतरी. मामाचा संच त्या बिननावी गोतातला. क्योतोमध्ये घडलेला खेळ नकलेच्या वाटेने सुरतेच्या बाजारात आणि तिथून पॅसेंजरने खांडबाऱ्यात आला.

जूनच्या तोंडावर वीज वरचेवर जायला लागली आणि खेळ ओटीवरून शेतात उतरला. भाताचं रान मोकळं पडलेलं होतं. चेंडू रबरी. बॅटसाठी मामीचं कपडे धुवायचं धोपटणं. पहिल्या तळाला गोणपाट, दुसऱ्याला पळसाची फांदी, तिसऱ्याला कुणाची तरी चप्पल, घराला दगड. तेव्हा पुढे आली ती मावची घरांतली पोरं. टीव्हीसमोर ती कडेला उभी असायची, कारण रिमोट दोनच आणि ते घरच्या पोरांच्या हातात. रानात मात्र फेक लागते. पिकावरची पाखरं उडवायला गोफण फिरवून त्यांचे हात तयार झालेले होते. पळसाच्या फांदीपासून घराच्या दगडापर्यंत चेंडू सरळ रेघेत यायचा. रिमोटवर खालचा बाण दाबला की जी गोष्ट व्हायची, ती इथे आमच्याच वयाचा एक पोरगा अनवाणी उभा राहून खांद्यातून करत होता. धावत सुटलेला मी तीनदा घराशी बाद झालो. एवढा आनंद बाद होण्यात मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे कधीतरी वाचलं की २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातली दोन मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडली गेली आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने त्यांच्याशी करार केला. दोघंही भालाफेकीतले. बेसबॉल त्यांनी आधी पाहिलेलाही नव्हता. त्यांना निवडताना मोजला गेला तो चेंडूचा वेग आणि नेम. ते वाचताना मला त्या भाताच्या रानातली फेक आठवली. माझ्या डोळ्यांनी पाहिलेला तो हात स्पर्धेपर्यंत गेला असता की नाही, कोण सांगणार? पण ऊसतोडीसाठी दरवर्षी बारडोलीकडे जाणाऱ्या घरातल्या मुलाला शाळेच्या मैदानावर सलग एक हंगामही मिळत नाही, ही नंदुरबारची जुनी जखम आहे, आणि खेळांवर लिहिताना ती वगळणं मला शक्य नाही.

जपानी लोकांनी या खेळाचं काय केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १८७२च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने तोक्योतल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. १८९४मध्ये चुमान कानाए यांनी त्याला जपानी नाव दिलं, 'याक्यू', म्हणजे मैदानातला चेंडू. नाव दिल्यावर खेळ त्यांचा झाला. मग व्हिडिओ गेम आला तेव्हा त्यांनी तोच खेळ त्या डब्यात घातला. १९८६मध्ये नाम्कोचा 'फॅमिली स्टेडियम' आला आणि १९९४मध्ये कोनामीचा 'पावरफुल प्रो याक्यू', मोठ्या डोक्याच्या बुटक्या खेळाडूंचा. या मालिका पुढे दशकानुदशकं चालल्या. एकदा बनवून सोडून दिलं नाही.

आपल्याकडेही असं एकदा भाषेत घडलंय. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं समालोचन केलं आणि फलंदाज, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक हे शब्द शेतातल्या ट्रान्झिस्टरवरून घरोघर गेले. बेसबॉलला मराठी शब्द नाहीत, कारण तो मराठीत कुणी ऐकवला नाही. 'तळ' आणि 'घर' हे शब्द मी वर वापरले, ते आमच्या रानातले आहेत.

हे झालं टीव्हीला जोडायच्या खेळाचं. हातात मावणारा खेळ म्हटलं की आमच्या पिढीला आठवतो तो यात्रेत मिळणारा ब्रिक गेम, दोन पेन्सिल सेलांवर चालणारा. त्याचं थोरलं भावंड निन्टेन्डोचं गेम बॉय. ते २१ एप्रिल १९८९ला जपानमध्ये आलं, तेव्हा सोबत फक्त चार खेळ होते आणि त्यांतला एक पुन्हा बेसबॉलच होता. चार सेल, हिरवट पडद्यावर चार छटा, आणि दोन यंत्रं वायरीने जोडून दोघांनी खेळायची सोय. हिशेब साधा होता. एकाने टाकायचं, दुसऱ्याने मारायचं आणि मध्ये क्षणभर थांबायचं. छोट्या पडद्याला असा थांबत थांबत चालणारा खेळ मानवतो. २००६मध्ये सोनीने 'एमएलबी द शो' ही मालिका सुरू केली, तीही घरच्या प्लेस्टेशन टू आणि खिशातल्या पीएसपी दोन्हींवर. एप्रिल २०२२मध्ये ती पहिल्यांदा निन्टेन्डोच्या स्विचवर आली. हे यंत्र टीव्हीला लावलं तर घरगुती, उचललं तर हातातलं. मुखपृष्ठावर होता जपानचा शोहेइ ओतानी, टाकणाराही तोच आणि मारणाराही तोच.

या मालिकेतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०२३चा भाग. त्यात 'नीग्रो लीग्ज' नावाचं स्वतंत्र दालन आहे. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारं बंद होती, तेव्हा त्यांनी आपल्या लीग उभारल्या. रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने १९२० साली कॅन्सस सिटीत त्यांतली पहिली मोठी लीग स्थापन झाली. त्याच शहरातल्या संग्रहालयाचे बॉब केंड्रिक या दालनात गोष्ट सांगतात आणि मधोमध खेळ आपल्या हातात येतो. सॅचेल पेज होऊन चेंडू टाकायचा, जॅकी रॉबिन्सन होऊन धावायचं. १५ एप्रिल १९४७ला रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तो दिवस पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याचे पाय आपल्या अंगठ्याखाली असणं वेगळं. पुढच्या वर्षीच्या भागात टोनी स्टोन आली, पुरुषांच्या त्या लीगमध्ये खेळलेली बाई.

ते खेळताना माझ्या मनात एकच नाव होतं: पाळवणकर बाळू. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा, साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करणारा, आणि हिंदूंच्या संघात घेतल्यावरही चहाच्या सुट्टीत जातीमुळे वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला गेलेला गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. ही गोष्ट रिमोट हातात देऊन सांगता येण्याजोगी आहे. डावखुरा हात, संथ फिरकी, मातीचं भांडं आणि समोर इंग्लिश फलंदाज. मराठी मुलांना सॅचेल पेज पडद्यावर भेटतो आणि बाळू भेटत नाही, हे मला लागतं.

आपल्याकडे बनवणारे हात नाहीत असं कुणी म्हणू नये. २००९मध्ये सोनीने भारतासाठी 'देसी अड्डा' काढला, प्लेस्टेशन टू आणि पीएसपीवर, आणि त्यात कबड्डीबरोबर गिल्ली-डंडाही होता. म्हणजे आपला विटीदांडू एकदा तरी घरच्या आणि हातातल्या दोन्ही यंत्रांवर जाऊन आला आहे. पुढच्याच वर्षी मुंबईच्या ट्राइन कंपनीचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' त्याच दोन यंत्रांवर आला, गल्लीतल्या क्रिकेटचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' ऑगस्ट २०२०मध्ये आधी स्विचवर आला आणि जगभर खेळला गेला. कसब आहे. कमी पडतो तो सातत्याचा भाग. विटीदांडू एका तबकडीत बाकीच्या खेळांबरोबर कोंबला गेला आणि तिथेच राहिला. त्याला कुणी दुसऱ्या वर्षी हात लावला नाही, तिसऱ्या वर्षी सुधारला नाही.

आणि विटीदांडूत काय नाही? गल आहे, कोलणं आहे, हवेतला टोला आहे, झेल आहे, दांड्याने मोजायचं अंतर आहे. मोजताना आपण म्हणतो वकट, लेंड, मूंड, नाल. हे तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. गावागावांत पुढचे शब्द बदलतात, पण ही मोजणी भाषेची शीव ओलांडून आली आणि कुणी न शिकवता मराठी पोरांच्या तोंडी बसली. खेळ आपल्याबरोबर भाषा घेऊन हिंडतो. 'स्ट्राइक' हा शब्द खांडबाऱ्यात आला तो असाच.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि क्रिकेट घ्यायचं, हे त्या बैठकीत ठरलं. त्याच वर्षी जूनमध्ये सिंगापूरला ऑलिंपिकच्या नावाने ई-स्पोर्ट्सची मालिका झाली आणि त्यात कोनामीच्या बुटक्या खेळाडूंचा बेसबॉल होता. पडदा आणि मैदान यांना वेगळं धरण्याचे दिवस गेले. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे. खानदेशात, विशेषतः जळगावकडे, सॉफ्टबॉल वर्षानुवर्षं खेळला जातो. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. खांडबाऱ्यातल्या मुलाला हे सगळं लागू आहे. त्याला फक्त कुणीतरी चार तळ आखून द्यायला हवेत.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या गाडीने उतरलो. मामी आता थकली आहे. बाजाराचा दिवस होता. मोबाइलच्या दुकानाबाहेर तीन मुलं एका फोनवर वाकून क्रिकेट खेळत होती. एकाच्या अंगठ्याखाली फलंदाज, बाकीचे दोघे सूचना करणारे. मी विचारलं, बेसबॉल माहीत आहे का? एक म्हणाला, "ते क्रिकेटच ना, स्टंप नसलेलं?" सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी तेच वाक्य, त्याच गावात.

पुण्या-मुंबईत खेळ बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे. विटीदांडू हातात घ्या, एकट्याचा, त्याच्या सगळ्या मोजणीसकट. बाळूची गोष्ट हातात घ्या. हलके बनवा, साध्या फोनवर चालतील आणि इंग्रजी न वाचता कळतील असे. मराठीत बोलू द्या, अहिराणीत आणि मावचीत बोलू द्या. आणि नंदुरबारच्या क्रीडाशिक्षकांना विनंती: भात निघालं की एका रानात चार गोणपाटं टाका, गोफण फिरवलेल्या पोरांच्या हातात चेंडू द्या आणि तळापासून घरापर्यंतची फेक स्वतः बघा. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी आजही खांडबाऱ्याला थांबते.